मिस्त्रींनी आवळलेला नट

शाळेच्या व्हॅनखाली आडवी पडलेली धाकटी पहिल्याच झटक्यात समजून चुकली, की हा नट सहजासहजी सुटायचा नाही. का सुटायचा नाही, हेही तिला त्याच क्षणी कळलं. ते तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणाला ठाऊक होऊ नये म्हणून गेले सात महिने तिने जिवाचं रान केलं होतं.

तसा हा नट म्हणजे काही मोठी चीज नव्हे. इंजिनच्या तळाशी तेलाचं चेंबर असतं आणि चेंबरच्या बुडाला हा एकुलता एक नट. तो सोडला की जुनं काळं तेल खाली ठेवलेल्या घमेल्यात ओघळतं. मग नट परत लावायचा, वरून नवं तेल ओतायचं, की झालं. गॅरेजमध्ये याहून सोपं काम एकच, हॉर्न वाजतो की नाही ते बघणं. व्हॅनवाल्या मावशीही तेवढ्याच भरवशावर मुलांना शाळेत सोडून थेट इकडे आल्या होत्या. दुपारी अडीच वाजता त्याच चौदा मुलांना घ्यायला त्यांना शाळेच्या दारात उभं राहायचं होतं.

धाकटीला सगळेच धाकटी म्हणायचे. थोरली बहीण दूरच्या गावी शिकवायला गेली त्याला बारा वर्षं झाली होती, हिने स्वतः पस्तिशी ओलांडली होती आणि उंचीत बापाला चांगली वीतभर मागे टाकलं होतं, पण नाव काही मोठं झालं नाही. तिच्या वडिलांना गल्ली मिस्त्री म्हणायची. घरात आईसुद्धा "मिस्त्री, जेवायला चला" असंच म्हणायची, आणि भांडण झालं की "अहो मिस्त्री" म्हणायची. एकेचाळीस वर्षं त्या माणसाने एकाच छपराखाली गाड्या उघडल्या आणि मिटल्या होत्या. त्यांचा हात हा गल्लीचा अभिमानाचा विषय होता. त्यांनी बंद केलेलं झाकण गळत नाही, त्यांनी बसवलेलं चाक डुगडुगत नाही, असं लोक आपण होऊन एकमेकांना सांगत. जाहिरातीची पाटी त्यांनी कधी लावलीच नाही, कारण ती लावायची गरज पडली नाही, आणि दुसरं म्हणजे शिडीवर चढायचा त्यांना कंटाळा.

हा हात सात महिन्यांपूर्वी कामातून गेला होता.

तेव्हा धाकटी भाजीवाल्याची पिकअप पुसत होती. गिअरबॉक्सच्या खालचे बोल्ट आदल्या दिवशी मिस्त्रींनी लावले होते. फडकं फिरवता फिरवता त्यातला एक बोल्ट फडक्यासोबत फिरला. तिने दुसऱ्याला बोट लावलं, तोही फिरला. तिसराही. विसरले असतील, म्हणून तिने ते आवळले आणि गप्प बसली. पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीची तीच गत. त्याच दुपारी जेवायला बसताना मिस्त्रींनी आपला डबा तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, तू उघड गं, माझे हात काळे आहेत. मिस्त्रींचे हात एकेचाळीस वर्षं काळेच होते आणि तेवढ्यासाठी डबा कधी अडला नव्हता. धाकटीने डबा उघडून दिला आणि खाली मान घालून जेवली.

सरळ सांगायचं होतं. कुणीही शहाणं माणूस हेच म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. पण मिस्त्रींमधून हात वजा केला तर बाकी काय उरतं, याचा हिशेब तिला करवत नव्हता. बापावर तिचा फार जीव होता आणि त्याला खजील झालेलं बघण्याची तिला भीती वाटत होती. म्हणून तिने शहाणपणाचा नाद सोडला आणि वेगळाच उद्योग सुरू केला. संध्याकाळी सहाला मिस्त्री हात धुऊन घरी निघाले, की झाडलोट करायच्या निमित्ताने ती मागे राहायची आणि त्यांनी त्या दिवशी हात लावलेल्या प्रत्येक गाडीचा प्रत्येक नट पुन्हा आवळायची. त्यासाठी अशी कुठलीही गाडी ती काही ना काही निमित्त काढून सकाळपर्यंत ठेवून घ्यायची.

लपूनछपून काम करणाऱ्या माणसाला एक खोड लागते. त्याला धीर नसतो, म्हणून ते गरजेपेक्षा जास्त करतं. पहिल्या महिन्यात तर धाकटी प्रत्येक नट असा आवळायची, की जणू तो रात्रीतून पळून जाणार आहे. आणि नेमकं त्याच महिन्यात, शाळेच्या सुट्टीत, ही व्हॅन तेल बदलायला आली होती आणि रात्रभर गॅरेजमध्येच राहिली होती. चौदा मुलांची गाडी म्हटल्यावर तिचं काळीज लकलकलं. तिने पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला, पाय भिंतीला टेकवले आणि चौदा चेहरे डोळ्यांसमोर आणून तो नट ओढला.

आज तोच नट तिच्या नाकासमोर ढिम्म बसला होता.

तिने पुन्हा जोर लावला. पाना सटकला, बोटांची सालं निघाली आणि तोंडातून एक शब्द गेला. व्हॅनवाल्या मावशी वाकून खाली डोकावल्या, लागलं का म्हणून विचारलं, आणि असले शब्द आमच्या व्हॅनमध्ये मुलं वापरत नाहीत हेही जाता जाता सांगितलं. मावशी अंगाने ऐसपैस, स्वभावाने त्याहून ऐसपैस, आणि शिस्तीच्या बाबतीत मात्र फौजदार. त्यांच्या व्हॅनमध्ये खिडकीची जागा आठवड्याच्या पाळीने मिळायची, आणि पाळी मोडणाऱ्याला महिनाभर इंजिनशेजारी बसावं लागायचं.

कुरकुर ऐकून मिस्त्री चष्मा कपाळावरून नाकावर घेत आले. त्यांनी वाकून नटाकडे पाहिलं आणि सवयीने विचारलं, "कुणी आवळला होता हा?"

मग त्यांचं त्यांनाच आठवलं. सहा महिन्यांपूर्वी, शाळेच्या सुट्टीतली सकाळ, मावशी स्टुलावर बसून पेपर वाचत होत्या आणि नट लावला होता खुद्द मिस्त्रींनी. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, त्यामागून हसू आलं, आणि मग ते हसू हटेचना.

"मीच की," ते म्हणाले.

पुढची पाच मिनिटं धाकटी व्हॅनखालून नुसते आवाज ऐकत होती. मिस्त्रींनी समोरच्या टायरवाल्याला हाक मारली. मग शेजारच्या घड्याळजींना. नट सुटत नाही, धाकटीसारख्या धडधाकट मुलीला सुटत नाही, आणि तो मी आवळलाय, एवढी बातमी त्यांनी तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगितली. गॅरेजमध्ये नट अडकला की मिस्त्री लोक सहसा वैतागतात. हा पहिलाच मिस्त्री असा, की नट अडकला म्हणून त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

टायरवाला म्हणजे तालमीतला जुना गडी. ट्रकची चाकं एकट्याने उचलून फळीवर ठेवायचा आणि ते सगळ्यांनी बघावं म्हणून दुकान बरोब्बर चौकाकडे तोंड करून मांडून बसला होता. तो आला, त्याने धाकटीला बाजूला व्हायला सांगितलं आणि व्हॅनखाली शिरला. शिरला म्हणजे डोकं आणि छाती शिरली, पोटाशी येऊन गाडी अडकली. तरी त्याने आतल्या आत हात फिरवून पाना लावला आणि एवढा जोर केला की लोखंडी घोड्यांवर चढवलेली व्हॅन थरथरली. काहीतरी खर्रकन सरकलं. सुटला, असं मावशी म्हणाल्या. सुटला नव्हता. पाना फिरला होता आणि जाताना नटाचे सहाही कोपरे सोबत घेऊन गेला होता. आता तो नट गोल गरगरीत झाला, पाना लावायलाही जागा उरली नाही. वर टायरवाल्याला बाहेर काढायला मावशी आणि धाकटी दोघींना त्याचे पाय धरून ओढावं लागलं, ते वेगळंच.

मग घड्याळजी आले. ते डोळ्याला भिंग लावूनच आले, काढायचं विसरले होते. आयुष्यात चिमट्याहून जड हत्यार त्यांनी धरलं नव्हतं, पण अडकलेल्या स्क्रूबद्दल त्यांची ठाम मतं होती. त्यांनी खिशातून करंगळीएवढी बाटली काढली आणि या तेलाचा एक थेंब नटाच्या मुळाशी सोडा, म्हणाले. टायरवाला हसला. धाकटीने त्यांचा मान राखून थेंब सोडला. त्यानंतर घड्याळजी दर दहा मिनिटांनी दुकानातून येऊन थेंबाचा गुण आला का, असं विचारून जाऊ लागले.

या सगळ्या धामधुमीत मिस्त्री स्टुलावर बसून होते. त्यांनी दुसरा चहा मागवला. दुसरा चहा ते फक्त आनंदात असतानाच घ्यायचे आणि सात महिन्यांत त्यांनी एकदाही घेतला नव्हता. जुने किस्से निघाले. एकदा मालट्रकच्या चाकाचा नट त्यांनी असा बसवला होता, की सोडायला आलेल्या दुसऱ्या गावच्या मिस्त्रीने शेवटी हात टेकले आणि चाकासकट ट्रक परत पाठवला. टायरवाल्याने दाद दिली. बोलता बोलता मिस्त्रींनी आपला उजवा हात समोर धरला आणि उलटसुलट करून पाहिला, हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस बघतो तसा.

धाकटीने ते पाहिलं आणि तिला भडभडून आलं. तिला आनंद झाला होता, खरंच झाला होता. बाप असा हसताना तिने किती दिवसांत पाहिला नव्हता. राहू दे, तिने मनाशी म्हटलं. नट त्यांचाच. एवढ्याने कुणाचं काय बिघडतंय.

बिघडलं ते पुढच्या दोन मिनिटांत. मावशींनी सहज आठवण काढली, की येत्या रविवारी व्हॅनचे ब्रेक करायचे ठरलेत, पायाखाली ब्रेक जरा जास्तच दबतोय, तर धाकटीने सकाळी लवकर घ्यावं. ब्रेकची कामं सात महिन्यांपासून धाकटीकडे होती. गुडघ्यांना उकिडवं बसवत नाही, असं सांगून ती मिस्त्रींनी आपण होऊन तिच्याकडे दिली होती, आणि गुडघ्यांचं नाव निघालेलं पाहून तिने सुटकेचा श्वास सोडला होता.

"रविवारचं मी बघतो," मिस्त्री म्हणाले. "चारही चाकं. गुडघ्याचं काही नाही, पाट घेऊन बसेन."

मावशींचा चेहरा खुलला. त्या म्हणाल्या, मिस्त्रींचा हात लागणार म्हटल्यावर मला काळजीच नको, आणि धाकटीला वाईट वाटू नये म्हणून तिची पाठही थोपटली. मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. सोमवारपासून ब्रेकची सगळी कामं आपल्याकडे, आणि अजून दहा वर्षं तरी आपण कुठे जात नाही, असंही त्यांनी जाहीर करून टाकलं. टायरवाला म्हणाला, पंधरा.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेरचे नट ती मागाहून आवळू शकत होती. पण ब्रेकचं सगळं काम चाकामागच्या बंद ड्रमच्या आत. स्प्रिंगा ताणून अडकवायच्या, त्यालाच अंगठ्यात जोर लागतो. एकदा ड्रम चढवला, चाक बसवलं आणि मावशी किल्ली घेऊन निघाल्या, की आत जे राहिलं ते राहिलं. आणि सोमवारी सकाळी सात वाजता शाळेच्या उतारावरून ती व्हॅन भरून खाली येणार. तिने एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा बापाकडे पाहिलं. तो अजून हसतच होता, आणि आता आपल्याला त्याचं हसू आपल्याच हाताने काढून घ्यावं लागणार, म्हणून तिला रडू फुटायचं बाकी राहिलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "जरा खाली येता? एक दाखवायचंय."

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरलेला होता. मिस्त्री त्यावरून पाठीवर सरकत आत आले आणि तिच्या शेजारी पडून राहिले. दोघांच्या डोळ्यांपुढे इंजिन होतं आणि मध्ये तो गोल झालेला नट. बाहेरच्या उजेडात मावशींच्या चपला दिसत होत्या, टायरवाल्याच्या रबरी सपाता दिसत होत्या, आणि थोड्या वेळाने घड्याळजींचे पॉलिश केलेले बूट आले, थांबले आणि परत गेले. धाकटी ते बूट जाईपर्यंत थांबली. मग अगदी हळू बोलली.

"बाबा, हा नट तुम्ही आवळलेला नाही."

"मला चांगलं आठवतंय. मावशी पेपर वाचत होत्या."

"तुम्ही लावलात. आवळला मी. तुम्ही घरी गेल्यावर."

वर कुठेतरी गरम-गार होऊन पत्रा टिकटिकला.

"म्हणजे एवढा एकच?" त्यांनी विचारलं.

"सगळे. सात महिने. तुम्ही हात लावलेली एकूण एक गाडी."

मिस्त्रींचा राग गल्लीला माहीत होता. पाना भिरकावणं हा त्यांचा साधा राग, आणि पाना शोधून आणून पुन्हा भिरकावणं हा मोठा. पण गाडीखाली रागावण्याची सोय नसते. मान उचलली की कपाळ आपटतं, हात उगारला की कोपर. ते वर बघत एकेका गाडीचं विचारू लागले.

"दवाखान्याची गाडी?"

"ती पण."

"भाजीवाल्याची?"

"तिथूनच कळलं मला. तीन बोल्ट बोटानं फिरत होते."

"त्या दोघांची ती छोटी पांढरी? पोटुशी बायको घेऊन आला होता तो?"

"तीही. बाबा, एकही राहिली नाही. मी रोज मोजून घेत होते."

मिस्त्रींनी डोळे मिटले. "आणि घरी मी रोज तुला बोलत होतो. कामाला उरक नाही म्हणून उशीर होतो तुला, असं."

"हो."

"आईसमोर."

"हो. मग काय सांगणार होते मी?"

बाहेर मावशींनी टायरवाल्याला किती वाजले ते विचारलं. साडेबारा, तो म्हणाला. मिस्त्रींनी उजवा हात पोटावर ठेवला होता, तो त्यांनी डाव्या हाताने झाकला.

"अंगठ्याचा जोर लागत नाही," ते म्हणाले. "पाना धरलाय की नाही, तेसुद्धा कधी कधी कळत नाही. पहिले काही दिवस मी घाबरलो होतो. रात्री झोप यायची नाही. मग बघितलं, तर एकही गाडी तक्रार घेऊन येत नाही. म्हटलं, आपल्याला कळत नसलं तरी हात त्याचं तो करतोय काम. म्हणून मग घाबरायचं सोडून दिलं मी."

हे धाकटीच्या कधी मनातही आलं नव्हतं. ती बापाची अब्रू झाकत होती, आणि त्याच झाकणाखाली बापाला आपला हात धड आहे असं वाटत होतं. तिने त्याच वेळी तोंड उघडलं असतं, तर सात महिन्यांपूर्वी तो हात डॉक्टरला दाखवून झाला असता. मायेपोटी आपण केवढा घोळ घालून ठेवला, हे कळून तिला स्वतःचीच लाज वाटली.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलंच," मिस्त्री म्हणाले. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही. "सोमवारी डॉक्टरकडे जाऊ. तू चल बरोबर, तुझी आई तिथे रडत बसेल." मग त्यांनी मान वळवून नटाकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पाइप लावला होतास ना?"

धाकटीने हळूच मान हलवली.

"किती लांब?"

"दोन हात."

"दोन हात," मिस्त्री म्हणाले, आणि आता मात्र त्यांचा आवाज मूळ पट्टीवर आला. "तेलाच्या नटाला दोन हात पाइप. चेंबर लोखंडी होतं म्हणून वाचलं, नाहीतर आटेच गेले असते आणि रस्त्यात तेल सांडून इंजिन बसलं असतं. चौदा पोरं रस्त्यात. कुणी शिकवलं तुला असं? मी शिकवलं? मी तरी नाही शिकवलं." सात महिन्यांत ते तिला उशिरावरून रोज बोलले होते, पण नटा-पान्यावरून असे एकदाही बोलले नव्हते. धाकटीला ते ऐकताना इतकं बरं वाटलं, की डोळ्यांतून पाणी कानात जाऊ लागलं, आणि पाठीवर पडलेल्या माणसाला ते पुसताही येत नाही.

मग त्यांनी काम सांगितलं. आधी बाहेर येऊन इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचं, तेल तापलं की धातू थोडा ढिला पडतो. मग हातोडीने नटाच्या डोक्यावर सरळ ठोके द्यायचे, फार जोराने नाही, जागा सोडेल इतपत. कोपरे गेलेत तर नटावर टोपीसारखा बसणारा गोटी पाना एक नंबर लहान घेऊन तो ठोकून घट्ट बसवायचा. आणि ओढत राहायचं नाही. ओढत राहिलं की नट आणखी हट्टाला पेटतो. एक झटका द्यायचा, थांबायचं, पुन्हा एक झटका.

धाकटीने तसंच केलं. मिस्त्री शेजारी पडून ठोके मोजत होते. चौथ्या झटक्याला कट् असा आवाज झाला, आणि तिला वाटलं आता पान्याचाच तुकडा पडला. पण हाताखाली काहीतरी सैल झालं होतं. नट फिरला, अर्धा, मग पाऊण, मग बोटाने फिरू लागला, आणि कोमट काळं तेल तिच्या कोपरावरून घमेल्यात उतरलं. बाहेर सपाता, चपला आणि बूट एकदम जवळ आले. घड्याळजींनी थेंबाला अमुक एक वेळ द्यावाच लागतो, असं टायरवाल्याला ऐकवून घेतलं.

तेल निथळल्यावर मिस्त्रींनी आटे बोटाने चाचपून पाहिले. शाबूत होते. धाकटीने नवा नट घेतला, नवा तांब्याचा वॉशर घातला आणि हाताने फिरवत नेऊन शेवटी पाना चढवला. तेवढ्यात मिस्त्रींनी आपली दोन बोटं तिच्या मनगटावर ठेवली. अंगठा त्यांनी तसाच बाजूला राहू दिला.

ती आवळू लागली. नट टेकला. तिने थोडा जोर लावला, आणखी थोडा.

"पुरे," मिस्त्री म्हणाले.

धाकटीच्या खांद्याने पुढच्या ओढीची तयारी करून ठेवली होती. अजून एकदाच, एवढंच तिला हवं होतं, मग तिचा जीव शांत झाला असता. मिस्त्रींची बोटं तिच्या मनगटावरून हलली नाहीत. तिने पाना काढून घेतला.

ते दोघं बाहेर आले तेव्हा एक वाजून गेला होता. धाकटीने नवं तेल ओतलं, इंजिन चालू केलं, खाली बॅटरी मारून पाहिली. एक थेंब गळत नव्हता. टायरवाल्याला मात्र राहवत नव्हतं. आपल्याला जो नट सुटला नाही तो शेवटी कुणी सोडवला, हे त्याला कळायलाच हवं होतं, आणि उत्तर आपल्याला माहीत असल्यासारखा तो मिस्त्रींकडे बघत होता. मावशीही त्यांच्याकडेच बघत होत्या. धाकटी पाने गोळा करायच्या निमित्ताने पाठमोरी झाली. ती काही बोलणार नव्हती. बापाला जे सांगायचं होतं ते तिने सांगितलं होतं, गल्लीला सांगणं तिचं काम नव्हतं.

मिस्त्री फडक्याला हात पुसत होते. डाव्या हाताने उजवा पुसला, एकेक बोट, शेवटी अंगठा.

"जिनं आवळला होता, तिनंच सोडवला," ते म्हणाले.

टायरवाल्याला काही उमगलं नाही. मघाशी तर तुम्हीच म्हणालात, असं तो म्हणू लागला.

"मघाशी मला ठाऊक नव्हतं. मी नट सैल ठेवला होता. सात महिने मी सगळेच सैल ठेवतोय, हात गेलाय माझा. ही रोज मागे राहून आवळत होती, म्हणून तुमच्या गाड्या धड आहेत."

घड्याळजींनी डोळ्याचं भिंग काढून खिशात ठेवलं. धाकटीच्या हातातला पाना पेटीत ठेवता ठेवता तसाच राहिला. मावशींनी एकदा मिस्त्रींकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि चौदा मुलांना सांभाळणाऱ्या बाईने जे विचारायला हवं तेच विचारलं.

"मग रविवारी ब्रेक?"

"ही करणार."

"आणि तुम्ही?"

"मी शेजारी पाट टाकून बसणार," मिस्त्री म्हणाले. "फार आवळते ती. तिला पुरे म्हणायला कुणीतरी लागतं."